दुखणं एकीकडे, साठा दुसरीकडे

गाय चारा खाते, पण अंगाला लागत नाही. शेण पातळ पडतं, तेही आठ-पंधरा दिवस नव्हे, महिना-महिना. जंताचं औषध होतं, हगवणीच्या गोळ्या होतात, सलाईन लावून होतं. मग एके सकाळी जबड्याखाली मऊ सूज दिसते. बोटानं दाबलं तर खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. ताप नाही. दूध आटत जातं, फऱ्याची हाडं वर येतात, आणि चार-सहा आठवड्यांत जनावर बसतं ते उठत नाही.

जबड्याखाली पाणी उतरलं की आपल्याकडे पहिला संशय यकृतातल्या पर्णकृमींवर जातो, आणि तो रास्तच आहे. जुनाट हगवणीत जोन्स रोगाचा विचार होतो. गळ्याखालची पोळीही सुजली असेल तर पोटातली तार हृदयापर्यंत गेली का, हे पाहिलं जातं. कधी कधी मात्र यातलं काहीच सापडत नाही. यकृतात कृमी नाहीत, शेणात जोन्सचे जंतू नाहीत, हृदयाभोवती पू नाही. अशा वेळी शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांची नजर मूत्रपिंडांवर थांबते. निरोगी गाईचं मूत्रपिंड गडद तांबूस असतं आणि त्याचे छोटे छोटे खंड स्पष्ट दिसतात. इथे ते फुगलेलं, फिकट पिवळसर, जड आणि हाताला टणक लागतं. सुरीनं कापलं की कापलेला भाग मेणचट चकाकतो.

त्या कापलेल्या भागावर आयोडीनचं द्रावण ओतायचं आणि थोडं थांबायचं. फिकट पृष्ठभागावर हळूहळू गडद तपकिरी ठिपके उमटू लागतात, टाचणीच्या टोकाएवढे, शेकड्यांनी. मूत्रपिंडात जिथे जिथे रक्त गाळलं जातं, नेमका तिथे तिथे एकेक ठिपका असतो. वरून सौम्य गंधकाम्ल टाकलं तर ठिपके निळसर-जांभळे होतात. गाईला कशानं मारलं, ते या ठिपक्यांत आहे. तिच्या स्वतःच्या शरीरात तयार झालेलं एक प्रथिन तिथे साठून बसलेलं असतं. या साठ्याला ॲमिलॉइड म्हणतात आणि त्यामुळे होणाऱ्या रोगाला ॲमिलॉइडोसिस.

पिष्ट नव्हे, प्रथिन

बटाट्याच्या फोडीवर आयोडीन टाकलं की ती निळी-काळी होते, हा प्रयोग शाळेत सगळ्यांनी केलेला असतो. १८५४ साली जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्खो यांना मानवी ऊतींमधला असाच एक साठा आयोडीननं रंगताना दिसला आणि तो पिष्टमय पदार्थ असावा असं मानून त्यांनी त्याला ॲमिलॉइड, म्हणजे पिष्टासारखा, म्हटलं. पाचच वर्षांत, १८५९ मध्ये, फ्रीडराइश आणि केकुले यांनी रासायनिक तपासणी करून दाखवलं की यात पिष्ट नाही. नायट्रोजन भरपूर आहे, म्हणजे हे प्रथिनच आहे. नाव मात्र तेच राहिलं.

पुढची मोठी पायरी १९२२ मध्ये आली. कापड रंगवायला वापरला जाणारा काँगो रेड हा रंग या साठ्याला घट्ट चिकटतो, हे बेनहोल्ड यांनी दाखवलं. १९२७ मध्ये हाच रंगवलेला काप ध्रुवित प्रकाशात, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात पाहिला गेला, आणि विटकरी दिसणारा साठा सफरचंदी हिरव्या रंगात चमकला. आजही गाय असो, बदक असो की माणूस, ॲमिलॉइडचं निदान पक्कं करताना सूक्ष्मदर्शकाखाली हाच हिरवा रंग शोधतात.

हा रंग इतका महत्त्वाचा का? विस्कळीत पदार्थ ध्रुवित प्रकाशात असा रंग देत नाही. रंगाचे रेणू एका ओळीत, एकाच दिशेनं बसले तरच तो मिळतो. म्हणजे आतला साठा हा नुसता गाळ नसून त्यात कमालीची शिस्तबद्ध रचना असली पाहिजे. १९५९ मध्ये कोहेन आणि कॅल्किन्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहिली. साठा सरळ, फाटे नसलेल्या तंतूंचा होता. एका तंतूची जाडी सुमारे १० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा एक लाखावा भाग.

घडी चुकते तेव्हा

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. पेशीत ती तयार झाली की विशिष्ट घडी घालून घेते आणि त्या घडीवरच तिचं काम अवलंबून असतं. रक्तात विरघळणं, एखाद्या पेशीला जाऊन चिकटणं, चरबी वाहून नेणं, हे सगळं घडी बरोबर असेल तरच जमतं. घड्या चुकतातही. पण चुकलेली प्रथिनं ओळखून त्यांचे तुकडे करण्याची सोय शरीरात असते, त्यामुळे एरवी काही बिघडत नाही.

मांडवातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या डोळ्यांसमोर आणा. पाहुणे बसलेले असतात तेव्हा प्रत्येक खुर्ची सुटी असते, हवी तिथे हलवता येते. कार्यक्रम संपला की कुणीतरी एका खुर्चीवर दुसरी चढवतो. एकदा दोन-तीन एकमेकींत बसल्या की पुढचीला जागा तयारच असते, आणि बघता बघता उंच चळत उभी राहते. खालच्या खुर्च्या इतक्या घट्ट रुततात की दोघांनी ओढूनही सुटत नाहीत. ॲमिलॉइडच्या तंतूत प्रथिनं अशीच बसतात. घडी चुकल्यामुळे प्रत्येक रेणूचा काही भाग चपट्या पट्टीच्या आकाराचा होतो, आणि एका पट्टीवर दुसरी पट्टी जेमतेम अर्ध्या नॅनोमीटरच्या अंतरावर चपखल बसत जाते. क्ष-किरणांनी ही रचना १९६८ मध्ये उलगडली.

या रचनेमुळे तीन गोष्टी घडतात. पहिली, सुरुवात व्हायला वेळ लागतो. सुटे रेणू एकमेकांत बसायला योग जुळून यावा लागतो, पण पहिली छोटी चळत उभी राहिली की पुढचं काम झपाट्यानं होतं. दुसरी, अशी चळत मोडत नाही. प्रथिनं तोडणारी विकरं घडीतल्या उघड्या जागी कात्री लावतात. इथे ती जागाच आत दडपली जाते. तिसरी गोष्ट मला सगळ्यात भयंकर वाटते. शरीराला या साठ्याची फारशी चाहूलच लागत नाही. जंतू शिरले की पांढऱ्या पेशी धावतात, पू होतो, ताप येतो. ॲमिलॉइड साठताना यातलं जवळजवळ काही होत नाही. पेशींच्या मधल्या जागेत ते वाढत राहतं, शेजारच्या पेशींना दाबतं, त्यांच्याकडे येणारं रक्त तोडतं, आणि पेशी निमूट मरतात. जनावर दुखणं दाखवतं तेव्हा अवयवाचा मोठा भाग आधीच गेलेला असतो.

यकृतातून निघालेलं प्रथिन

असे साठे करू शकणारी प्रथिनं एकाच जातीची नसतात. माणसात अशी ४० हून अधिक प्रथिनं माहीत झाली आहेत. पाळीव जनावरांत मात्र एका प्रथिनाचा वाटा सगळ्यांत मोठा आहे. ते म्हणजे सीरम ॲमिलॉइड ए, थोडक्यात एसएए.

नाव असं असलं तरी हे प्रथिन मुळात कामाचं आहे. शरीरात कुठेही जखम झाली, जंतू शिरले, ऊती मेल्या, की तिथल्या पेशी रक्तात निरोप्या रेणू सोडतात. ते यकृतापर्यंत पोचले की यकृत एसएए तयार करू लागतं, आणि एक-दोन दिवसांत रक्तातलं त्याचं प्रमाण हजारपटीपर्यंत चढू शकतं. जखम भरली की तितक्याच वेगानं ते उतरतं. घोड्यांचे डॉक्टर तर घोड्याला आत कुठे संसर्ग आहे का, हे ओळखायला रक्तातलं एसएए मोजतात.

घोटाळा होतो तो जखम भरत नाही तेव्हा. महिनोन् महिने यकृत एसएए ओतत राहतं, रक्तात ते कायम भरपूर असतं, त्याचे तुकडे करण्याची व्यवस्था अपुरी पडते. अर्धवट तुटलेले तुकडे मूत्रपिंडात, प्लीहेत, यकृतात, आतड्याच्या भिंतीत अडकतात आणि एकमेकांत बसू लागतात. दुखणं पायात किंवा कासेत असतं आणि साठा होतो मूत्रपिंडात, तो असा. गाईच्या या आजाराचं कोडं इथेच सुटतं.

गोठ्यात न भरणाऱ्या जखमा कोणत्या असतात? कुट्टीबरोबर पोटात गेलेली तार किंवा खिळा जाळीदार पोटाच्या भिंतीत रुततो आणि तिथे गळू होऊन बसतं. कासदाह, म्हणजे शेतकरी ज्याला दगडी म्हणतात ती, वरवर बरी होते पण सडाच्या आत धुमसत राहते. वार अडकल्यानंतर गर्भाशयात पू राहतो. खुरांत सडका फोड होतो, फुप्फुसात जुनाट न्यूमोनिया असतो. शेळ्या-मेंढ्यांत गाठींमध्ये घट्ट पू साठण्याचा जुनाट रोग असतो. यातलं एकेक दुखणं ओळखीचं आहे, आणि बहुतेक वेळा 'चाललंय बरं, दूध देतेय ना' म्हणून मागे पडणारंही. अशा प्रत्येक गाईला ॲमिलॉइडोसिस होतोच असं नाही, थोड्यांनाच होतो. पण ज्यांना होतो त्यांच्यात शोध घेतला तर बहुतेकदा असं एखादं जुनं दुखणं सापडतं. माणसांतही हेच दिसतं. भारतात दुय्यम, म्हणजे दुसऱ्या दुखण्यातून होणाऱ्या ॲमिलॉइडोसिसचं मोठं कारण वर्षानुवर्षं क्षयरोग हेच राहिलं आहे.

आता लक्षणांची साखळी जुळवता येते. मूत्रपिंडात बारीक रक्तवाहिन्यांचे गुंते असतात. त्यांच्या भिंतींतून पाणी आणि लहान रेणू बाहेर जातात, अल्ब्युमिनसारखी मोठी प्रथिनं रक्तात राहतात. त्या भिंतींत ॲमिलॉइड शिरलं की त्यांची निवड करण्याची ताकद जाते आणि अल्ब्युमिन लघवीवाटे वाहून जाऊ लागतं. रक्तातलं पाणी वाहिन्यांत धरून ठेवण्याचं काम मुख्यतः अल्ब्युमिन करतं. ते घटलं की पाणी ऊतींत उतरतं, आणि गाय दिवसभर मान खाली घालून चरत असल्यामुळे आधी जबड्याखाली जमतं. आतड्याच्या भिंतीतही पाणी आणि ॲमिलॉइड दोन्ही असल्यामुळे अन्न नीट शोषलं जात नाही. म्हणून न थांबणारी हगवण. जंताच्या औषधानं ती थांबणार कशी?

चौकट : लघवी काय सांगते

पर्णकृमी आणि जोन्स रोग या दोहोंतही जबड्याखाली सूज येते, पण तिथे प्रथिनं यकृत-आतड्यांच्या वाटेनं जातात; लघवीत ती फारशी नसतात. ॲमिलॉइडोसिसमध्ये लघवीत प्रथिनं भरभरून असतात. लघवीच्या पट्टीनं अंदाज येतो, पण गाईची लघवी अल्कधर्मी असल्यानं पट्टी कधी उगाचच रंग दाखवते. म्हणून उकळून पाहतात. परीक्षानळीतल्या लघवीचा वरचा भाग तापवायचा, गढूळपणा आला तर ॲसेटिक आम्लाचे काही थेंब टाकायचे. गढूळपणा विरघळला तर ते फॉस्फेट; तसाच राहिला किंवा वाढला तर प्रथिन. लघवीत रक्त किंवा पू असेल तर आधी मूत्रपिंडातल्या जंतुसंसर्गाचा विचार करावा लागतो. गुदद्वारातून हात घालून तपासताना मोठं झालेलं डावं मूत्रपिंड डॉक्टरांच्या हाताला लागू शकतं.

प्रतिद्रव्य देणारा घोडा, गर्दीतलं बदक

एसएए वाढायला जंतूच हवेत असं नाही. सर्पदंशावरचं औषध घोड्यांपासून तयार होतं. आपल्याकडे मुंबईच्या हाफकिननं ही परंपरा पिढ्यान् पिढ्या चालवली आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांचं विष घोड्याला अगदी थोड्या मात्रेत, पुन्हा पुन्हा टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाला निष्प्रभ करणारी प्रतिद्रव्यं तयार होतात. मग रक्त काढून ती वेगळी केली जातात. ज्यांच्या रक्तावर पावसाळ्यात शेतकऱ्यांचे जीव वाचतात, अशा प्रतिद्रव्य देणाऱ्या घोड्यांमध्ये यकृत आणि प्लीहेचा ॲमिलॉइडोसिस होतो, हे जगभरातल्या पशुवैद्यकांना फार पूर्वीपासून माहीत आहे. वारंवारच्या टोचण्यानं त्यांचं शरीर सतत दाहाच्या अवस्थेत राहतं. साठ्यानं भरलेलं यकृत जड आणि ठिसूळ होतं, आणि एखाद्या दिवशी ते फाटून पोटात रक्तस्राव होतो. या घोड्यांना विश्रांतीचा काळ देणं आणि त्यांच्या रक्ताची नियमित तपासणी करणं माझ्या मते टाळण्याजोगा खर्च नाही. ते आपलं देणं आहे.

पक्ष्यांमध्ये बदकं आणि हंस या रोगाला विशेष बळी पडतात. पांढऱ्या पेकिन बदकांत यकृत इतकं कडक होतं की पोटाबाहेरूनही हाताला लागतं. दाटीवाटीनं ठेवलेल्या कळपांत हे प्रमाण वाढतं, कारण गर्दीत पायांच्या जखमा, भांडणं आणि ताण हे सगळं एकत्र येतं. तपकिरी अंडी देणाऱ्या कोंबड्यांत वेगळाच प्रकार दिसतो. एका विशिष्ट जंतूच्या संसर्गानंतर साठा पायाच्या सांध्यांत होतो, सांधे सुजतात, आणि कापून पाहिलं तर आत नारिंगी-पिवळा थर असतो. कोंबडी लंगडते, खाद्यापर्यंत पोचत नाही आणि मागे पडते.

एकाकडून दुसऱ्याकडे?

चळतीच्या रचनेतून एक अस्वस्थ करणारा प्रश्न निघतो. तयार चळतीचा तुकडा दुसऱ्या जनावराच्या शरीरात गेला, तर तिथल्या सुट्या रेणूंना तो तयार जागा देईल का?

उंदरांवर हे तपासलं गेलं आहे. बदक-हंसांना जबरीनं खाऊ घालून त्यांचं यकृत चरबीनं फुगवतात आणि तो पदार्थ फ्रान्समध्ये मेजवानीत वाढला जातो. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा यकृतात ॲमिलॉइड तंतू सापडले, आणि या रोगाकडे झुकाव असलेल्या उंदरांना ते दिल्यावर त्यांच्यात साठा लवकर व्हायला लागला. पुढच्याच वर्षी जपानी संशोधकांनी बंदिवासातल्या चित्त्यांबद्दल सांगितलं. या चित्त्यांत ॲमिलॉइडोसिस मृत्यूचं मोठं कारण आहे. रोगी चित्त्यांच्या विष्ठेत असे तंतू होते, आणि उंदरांत ते साठ्याला चालना देत होते. एकाच आवारात राहणाऱ्या, एकमेकांची विष्ठा हुंगणाऱ्या प्राण्यांत रोग पसरण्याची एक वाट त्यातून दिसली.

म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही. रोगी जनावराचं मांस खाऊन माणसाला हा रोग झाल्याचा पुरावा नाही, आणि उंदरांतही रक्तात एसएए आधीच वाढलेलं असेल तरच बाहेरून आलेल्या तुकड्याला काम मिळतं. सुट्या खुर्च्याच नसतील तर चळत वाढणार कशी?

याच घराण्यातला खरोखर धोकादायक भाऊबंद म्हणजे प्रिऑन. मेंदूतलं एक साधं प्रथिन चुकीची घडी घेतं आणि शेजारच्या निरोगी रेणूंनाही तीच घडी घ्यायला लावतं. मेंढ्यांमधला स्क्रेपी रोग युरोपात अठराव्या शतकापासून माहीत आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांतही तो आढळल्याची नोंद १९६१ मध्ये झाली. ब्रिटनमध्ये १९८६ साली गाईंमधला पिसाट रोग ओळखला गेला. मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची पूड गाईंच्या खाद्यात घातली जात होती आणि चुकीच्या घडीचं प्रथिन त्यातूनच कळपाकळपांत पोचलं. १९८८ मध्ये तिथे रवंथ करणाऱ्या जनावरांना असं खाद्य देण्यावर बंदी आली. तोवर पसरलेल्या रोगानं पुढे एक लाख ऐंशी हजारांहून अधिक गाई ग्रासल्या. गवत खाणाऱ्या जनावराला मांस भरवण्याची ती किंमत होती.

मांजराचा मधुमेह, कुत्र्याचं म्हातारपण

सगळे साठे दाहातून येत नाहीत. मांजरांना माणसासारखा, उतारवयात येणारा मधुमेह होतो. त्यांच्या स्वादुपिंडात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींच्या बेटांत ॲमिलॉइड दिसतं. ते कोणत्या प्रथिनाचं, हे १९८७ मध्ये स्पष्ट झालं. संशोधकांनी मधुमेही मांजराचं स्वादुपिंड आणि माणसातली इन्शुलिन बनवणारी गाठ तपासली, आणि दोन्हीकडे इन्शुलिनसोबत त्याच पेशींतून स्रवणारं एक लहान संप्रेरक निघालं. गंमत अशी की उंदीर आणि घुशींमध्येही हे संप्रेरक असतं, पण त्याचा साठा होत नाही. त्यांच्या साखळीत मोक्याच्या जागी प्रोलिन हे अमिनो आम्ल येतं. त्यामुळे साखळीला बाक येतो, आणि पाय वाकलेली खुर्ची चळतीत बसत नाही. माणसातल्या संप्रेरकाची प्रोलिन घातलेली नक्कल पुढे मधुमेहावरचं औषध म्हणून वापरात आली, ती याच निरीक्षणामुळे.

म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूत जो साठा होतो, तो माणसाच्या अल्झायमर रोगातल्या प्रथिनाचाच, आणि त्या प्रथिनाची अमिनो आम्लांची साखळी दोन्हीकडे अगदी सारखी असते. बारा-तेरा वर्षांचा कुत्रा दार उघडण्याच्या बाजूला न जाता बिजागरीच्या बाजूला उभा राहतो, कोपऱ्यात शिरतो आणि मागे कसं वळायचं ते त्याला सुचत नाही. रात्रभर येरझारा घालतो, दिवसा झोपतो, घरात शी-शू करतो, ओळखीच्या माणसाला पाहून शेपूट हलवत नाही. 'म्हातारा झाला, हट्टी झाला' म्हणून त्याच्यावर ओरडू नये. त्याला खरंच कळेनासं झालेलं असतं. ठरलेल्या वेळा, रात्री मंद दिवा, न हलवलेलं सामान आणि रोज थोडं फिरणं यांनी त्याचे दिवस सुसह्य होतात.

काही जातींत हा रोग पिढ्यांतून येतो. ॲबिसिनियन मांजरांत मूत्रपिंडात, सयामी मांजरांत यकृतात. चीनच्या शार-पेई कुत्र्यांच्या अंगावर कातडीच्या जाड वळ्या असतात, आणि त्या हव्या म्हणून माणसानं पिढ्यान् पिढ्या वळ्यावाल्या जोड्या लावल्या. २०११ मध्ये कळलं की या वळ्यांशी जोडलेला जनुकीय बदल आणि या कुत्र्यांना वारंवार येणारा ताप यांचा संबंध आहे. ताप येतो, घोटा सुजतो, दोन दिवसांत उतरतो. प्रत्येक तापात एसएए उसळतं, आणि त्यातल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं ऐन उमेदीच्या वयात निकामी होतात. दिसायला गोड म्हणून पिल्लू घेणाऱ्यांनी आई-बापाला असा ताप येत होता का, हे विचारून घ्यावं.

करता काय येतं

साठलेलं ॲमिलॉइड विरघळवणारं भरवशाचं औषध जनावरांसाठी नाही. रक्तातलं एसएए खाली आणून तिथेच ठेवता आलं तर साठा वाढायचा थांबतो, फार हळू मागेही सरतो. पण मूत्रपिंडं जाण्याआधीच हे जमायला हवं, आणि गाईत रोग ओळखू येतो तो बहुतेकदा त्यानंतरच. म्हणून खरा उपाय मूळ दुखण्यावर आहे. कुट्टी यंत्राच्या तोंडाशी लोहचुंबक बसवता येतं. गाईलाही बोटाएवढं गुळगुळीत लोहचुंबक गिळवता येतं. ते जाळीदार पोटात आयुष्यभर राहतं आणि तारा, खिळे धरून ठेवतं. दगडीचा सड दूध स्वच्छ दिसलं म्हणून बरा झाला असं धरू नये, दुधाची पुन्हा तपासणी व्हावी. वेताला दोन आठवडे झाले तरी घाण स्राव थांबला नसेल तर डॉक्टरांना बोलवावं. खुरं वेळेवर तासावीत.

आणि अशी गाय दगावलीच तर तिचं शवविच्छेदन करून घ्यावं. आपल्याकडे ते टाळलं जातं. गाय गेलीच आहे, आता काय बघायचं, असं वाटतं. पण गोठ्यातल्या बाकीच्या जनावरांसाठी ते बघायचं असतं: खाद्यातून तार येतेय का, कासदाह हटत नाहीये का, की सगळ्यांच्याच पोटात पर्णकृमी आहेत. तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी नमुने घेऊन पुण्याच्या औंध इथल्या रोग अन्वेषण विभागाकडे किंवा जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाकडे पाठवू शकतात. मूत्रपिंड, यकृत आणि प्लीहेचे अर्ध्या सेंटिमीटर जाडीचे तुकडे पुरतात. ते १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, तुकड्यांच्या किमान दहापट द्रावण घेऊन, रुंद तोंडाच्या बाटलीत ठेवायचे. बर्फात गोठवायचे नाहीत, कारण गोठलेली ऊती फाटते आणि काप नीट निघत नाही. बाटलीबरोबरच्या कागदावर गाईचं वय, वेतं, आणि तिला पूर्वी झालेलं प्रत्येक दुखणं लिहावं, कितीही जुनं असलं तरी.